मदत हवी आहे: डोअर-टू-बलून तेवढाच, मग २०२० मध्ये मृत्यू जास्त कसे?

आकडेमोड्या
हार्ट अ‍ॅटॅकच्या रजिस्टरचं ऑडिट करतोय. २०१९ च्या तुलनेत २०२० ला पेशंट कमी, डोअर-टू-बलून (दारात आल्यापासून फुग्याने शीर उघडेपर्यंतचा वेळ) जवळपास तेवढाच, मृत्यूंचं प्रमाण मात्र वाढलंय. फॉर्म्युले तपासून झाले. उद्या रिपोर्ट द्यायचाय. "कोविडने गेले" हे उत्तर नकोय, पॉझिटिव्ह वेगळे काढलेत.

कॅथलॅबकर
स्टेमीच (ईसीजीत एसटी रेषा चढलेला, सहसा शीर पूर्ण बंद असलेला अ‍ॅटॅक) की एनस्टेमीही (एसटी न चढलेला)? दुसरीकडून पाठवलेले धरलेत? घड्याळ कुठून सुरू?

आकडेमोड्या
स्टेमीच हो. थेट आलेले. घड्याळ अर्थातच कॅज्युअल्टीच्या दारापासून.

कॅथलॅबकर
मग गोम दाराच्या अलीकडे आहे. लोक घरीच थांबले. हाँगकाँगमध्ये २०२० च्या सुरुवातीला दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या वैद्यकीय संपर्कापर्यंतचा मध्यक ८२.५ मिनिटांवरून ३१८ वर गेला (पेशंट सातच होते, म्हणून फार ताणू नका). उशिरा आलेल्याची शीर ९० मिनिटांत उघडलीत तरी बराचसा स्नायू मेलेलाच असतो. मग सेप्टम (हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा) फाटतो, मायट्रल झडपेला धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू तुटतो, रक्तदाब कोसळून शॉक. इटलीत मार्च २०२० च्या एका आठवड्यात स्टेमीचे मृत्यू १३.७ टक्के होते, आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ४.१.

सुईआधी
पीपीई चढवत बसण्यापेक्षा टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) द्यायचं. वजनानुसार ३० ते ५० मिग्रॅ, एकच बोलस (एका दमात), पंचाहत्तरीपुढे निम्मा. चीनमध्ये तेच करत होते.

डॉ_खडूस
विचारलंय काय, सांगताय काय! बारा तास उलटल्यावर गुठळी घट्ट झालेली असते, लायसिसचा (औषधाने गुठळी विरघळवण्याचा) फायदा उरत नाही, रक्तस्रावाचा धोका तेवढाच. शिवाय कोविडमध्ये एसटी चढूनही शिरा मोकळ्या असू शकतात. इटलीतल्या लोंबार्डीच्या अशा २८ पेशंटांपैकी ११ जणांत अडवणारी शीर सापडलीच नाही. अमेरिकी संस्थांनीही एप्रिल २०२० मध्ये प्रायमरी अँजिओप्लास्टीच (आधी लायसिस न देता थेट फुग्याने शीर उघडणं) पुढे ठेवली.

सुईआधी
"जिथे वेळेत शक्य आहे तिथे". त्या संस्थांचे हे शब्द गाळू नका. कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) १२० मिनिटांत मिळणार नसेल तर सुईच.

फुकटसल्ला
कोविडची केस झाल्यावर लॅब किती वेळ रिकामी ठेवायची? ताशी १२ एअर चेंजेस (खोलीची हवा बदलणं) असतील तर हवा ९९ टक्के साफ व्हायला २३ मिनिटं, ६ असतील तर ४६.

कॅथलॅबकर
कुणी विचारलं नव्हतं, पण लागोपाठ आलेला दुसरा पेशंट त्यात अडकतो, ते खरं. आकडेमोड्या, लायसिस झालेले आणि टेबलावर जायच्या आधी गेलेले कुठे आहेत?

आकडेमोड्या
मृत्यू सगळ्यांचे मोजलेत. डोअर-टू-बलून ज्यांची बलूनची वेळ भरलीय त्यांचाच.

डॉ_खडूस
म्हणजे मृत्यू एका गटाचे, डोअर-टू-बलून दुसऱ्याच गटाचा. लॅबपर्यंत पोचलेले, लायसिसवाले आणि काहीच न मिळालेले असे वेगळे करा. मग दुखणं सुरू झाल्याची वेळ लावा.

आकडेमोड्या
त्या कॉलममध्ये निम्म्या ठिकाणी "सकाळपासून" लिहिलंय!

डॉ_खडूस
त्याला मिनिटं चिकटवू नका. बारा तासांच्या आत, बारा तासांनंतर, अज्ञात. अज्ञातवाल्यांचा पहिला ईसीजी फाइलमधून शोधा. त्यात क्यू वेव्ह (खाली जाणारी लाट) खोल आणि आर (वर जाणारी) गायब असेल तर उशिरा आल्याची शक्यता जास्त. जुना अ‍ॅटॅक असलेले मात्र आधी बाजूला काढा.

फुकटसल्ला
अ‍ॅस्पिरिन चावूनच द्यायची, बरं का.