मदत हवी आहे : सेगाचं पॅड जुन्या टीव्ही गेमला जोडायचंय
मंडळी, रविवारी जुन्या बाजारात सेगा मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलची दोन पॅडं (कंट्रोलर) स्वस्तात मिळाली. घरी लहानपणीचा कॅसेटवाला 8-बिट टीव्ही गेम अजून चालतो, त्याचे कंट्रोलर मात्र केव्हाच गेलेत. दोन्हीकडे प्लग 9 पिनांचाच, खटकन बसतो. पण नशीब, आधी मल्टिमीटर लावला! सेगाला 5 व्होल्ट लागतात 5 नंबरच्या पिनवर, माझ्या डब्यात येतात 6 नंबरवर.

बरं, नुसत्या तारा फिरवून भागणार नाही. या गेमला 4021 शिफ्ट रजिस्टर नावाच्या चिपसारखं वागणारं पॅड हवं : गेमकडून लॅच (टिपण्याचा इशारा) आला की आठ बटणं टिपायची, मग क्लॉकच्या (ठेका देणाऱ्या सिग्नलच्या) प्रत्येक ठोक्याला एकेक बिट एकाच तारेवरून सोडायचा. सेगा बटणं वेगवेगळ्या तारांवर देतो. त्यातही 'ए' आणि 'स्टार्ट' ही बटणं 'सिलेक्ट' नावाची पिन लो (0 व्होल्ट) केल्यावरच.

मध्ये आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) टाकला, पण माझा प्रोग्रॅम क्लॉकच्या मागे पडतो. उडी मारायला जावं तर गेम पॉज! आता नॅनोने फक्त सेगा वाचावा आणि पुढचं काम खऱ्या चिपने करावं असा विचार आहे. इथे पुण्यात तापकीर गल्लीत 4021 नाही मिळाली, 74एचसी165 ही तशीच शिफ्ट रजिस्टर चिप मिळाली. तिचा लोड (बटणं टिपायची पिन) लो असताना चालतो, गेमचा लॅच मात्र हाय असतो, म्हणजे लॅच उलटा करायला एक ट्रान्झिस्टर पुरेल का? की 4021 साठीच थांबू? पुण्यात कुठे मिळेल तेही सांगा.