मदत हवी आहे: उतारावर गुडघा बोंबलतो, नी कॅप कोणती घ्यावी?

पामबीचकर
एप्रिलमध्ये दार्जिलिंगजवळच्या संदकफूला ट्रेकला जातोय. ग्रुप ठरलाय, विमानाची तिकिटं काढून झालीत. मागच्या रविवारी कळसूबाई केला आणि उतरताना गुडघ्याने जी बोंब मारली की विचारू नका. शेवटचा टप्पा खेकड्यासारखा आडवा उतरलो. पायथ्याच्या बारी गावात पोचलो तोवर बाकीच्यांचे जेवून हात वाळले होते. नी कॅप कोणती घ्यावी? साधी इलॅस्टिकची, वेल्क्रोवाली, की बाजूला धातूच्या पट्ट्या असलेली? सेल आज रात्री बाराला संपतोय, तेव्हा लवकर सांगा. डॉक्टरला दाखवा हे सोडून काहीही चालेल.

भटकभवानी
डावा की उजवा? वाटीपाशी दुखतं, आतल्या बाजूला, बाहेरच्या, की मागे? सूज आली होती का? वय, वजन, बूट? पाठीवर किती ओझं होतं? यातलं काहीच न सांगता नी कॅप सुचवायची म्हणजे पत्रिका न बघता लग्न ठरवण्यातला प्रकार.

पामबीचकर
गुडघा म्हणजे गुडघा हो. उजवा. उतरताना दुखतो, वर लिहिलंय. बूट चांगले आहेत.

काठीबहाद्दर
नी कॅप विसरा, दोन ट्रेकिंग पोल घ्या. उतारावर अंगाचा भार थोडा हातांवर जातो, गुडघ्याचं काम हलकं होतं. ॲल्युमिनियमचे घ्या, कार्बनचे नकोत. ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन खडकात अडकून तुटतं. आणि पिळून घट्ट करायचे तर अजिबात नकोत, ऐन उतारावर आपोआप आत सरकतात. खटका असलेलेच घ्या.

सह्यरांगडा
आलं काठीपुराण. कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हातात काठ्या घेऊन उतरणारी मंडळी मी पाहिली आहेत. एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्या हातातली काठी मागच्याच्या डोळ्यात. सह्याद्रीत कातळावर हात मोकळे पाहिजेत. गाववाले बघा, पाठीवर मोळी आणि पायात स्लिपर, कोणाच्या हातात पोल असतो?

काठीबहाद्दर
शिडी आली की पोल मिटवून सॅकला लावायचे असतात, राव. आणि गाववाला लहानपणापासून रोज तो डोंगर उतरतोय. धागाकर्ते सोमवार ते शुक्रवार एसीत बसतात. शिवाय ते संदकफूला चाललेत. तिथे कातळकडा नाही, जीपचा रस्ता आहे.

आजीचाबटवा
तिळाचं तेल कोमट करून रोज रात्री गुडघ्याला लावा, वरून रुईच्या पानाचा शेक. सोबत डिंकाचे लाडू. आमच्या सासूबाई ७८ व्या वर्षी तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पाणी न्यायच्या.

हिमगौरी
संदकफू ३६३६ मीटर आहे, विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. पहिल्याच दिवशी गाडीने थेट वर जाऊ नका. मानेभंजन, तुमलिंग, कालापोखरी असं मुक्काम करत चढा. डायमॉक्स (त्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा एकाच जागेवरून दिसतात, पण पहाटे लवकर उठलात तर. एप्रिलमध्ये गुरास (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो.

पामबीचकर
अहो ताई, हवेचं मी विचारलंच नाही. नी कॅप!!

नेरुळची_फिजिओ
तीन गोष्टी सांगा, मग बोलू.
बोटाने नेमकी जागा दाखवता येते का? असेल तर बाहेरच्या बाजूला की वाटीभोवती?
दुखणं उतरायला लागल्यावर लगेच सुरू होतं की बऱ्याच वेळाने?
सिनेमाला किंवा गाडीत बराच वेळ गुडघा मुडपून बसलं की दुखतं का?
आणि चौथी: ट्रेकची तयारी नेमकी कशी करताय?

पामबीचकर
बाहेरच्या बाजूला, हाडाच्या थोडं वर, बोट ठेवता येतं. तासाभराने सुरू झालं, मग वाढतच गेलं. बसल्यावर काही नाही, ऑफिसात मजेत असतो. सूज नाही. वय ४१. तयारी चोख आहे. रोज संध्याकाळी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सोसायटीचे १७ मजले जिन्याने चढतो, दोन-तीनदा. दम आता अजिबात लागत नाही. कळसूबाई चढताना ग्रुपमध्ये पहिला होतो.

भटकभवानी
आणि खाली?

पामबीचकर
खाली लिफ्टने. उतरण्यात कसला व्यायाम?

भटकभवानी
🙏

सह्यरांगडा
हा धागा संग्रही ठेवण्यासारखा आहे.

नेरुळची_फिजिओ
हसू नका हो, अर्ध्या नवी मुंबईची ट्रेकची तयारी अशीच चालते.

पामबीचकर, चढणं आणि उतरणं ही स्नायूंसाठी दोन वेगळी कामं आहेत. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार सावरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. तुमचं इंजिन तयार आहे, ब्रेकला कोणी हात लावलेला नाही. दम लागत नाही म्हणून तुम्ही भरभर उतरता, त्यात आणखी भर.

सांगताय त्यावरून मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं दुखणं वाटतंय, आयटी बँड म्हणतात तो. गुडघा साधारण ३० अंशात वाकतो तिथे त्या जागी जास्त दाब येतो, आणि उतारावर गुडघा पुन्हापुन्हा तिथेच येतो. वाटीमागचं दुखणं असतं तर बसल्यावरही जाणवलं असतं. पण हे पडद्यावर वाचून केलेलं निदान आहे, हात लावून तपासलेलं नाही. सूज आली, गुडघा मध्येच अडकला, किंवा एकदम दगा देऊन वाकला, तर ऑर्थोपेडिककडे जायचं. तुम्ही नको म्हणालात तरी.

आता काय करायचं ते. आधी आठ-दहा दिवस दुखरा उतार बंद, सपाटीवर चाला. मग जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या. उजव्या पायावर उभं राहून डावी टाच हळूहळू, तीन-चार आकडे मोजत, जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. आरसा समोर ठेवा, गुडघा आत झुकता कामा नये. तो आत झुकतो कारण कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कच्चा असतो, त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. दुखलं नाही तर हळूहळू मजले उतरायला लागा: आधी रिकाम्या पाठीने, मग बाटल्या. उतरण्याच्या सरावाची एक मेहेरबानी आहे. पहिल्यांदा मांड्या दोन दिवस भरून येतात, पण त्यानंतर काही आठवडे स्नायू तसला मार बराच सोसतात. म्हणून जाण्याआधी दोन-तीन आठवड्यांत एक मोठा उतार पायाखालून गेलाच पाहिजे. संदकफूहून गुर्दुममार्गे श्रीखोलाला उतरताना दीड हजार मीटरहून जास्त उंची एका दमात सोडायची असते. तिथे लिफ्ट नाही.

नी कॅप घ्यायची तर साधी घ्या. ऊब मिळते, धीर येतो. धातूच्या पट्ट्यांची तुम्हाला गरज दिसत नाही.

पामबीचकर
साधी ऑर्डर केली. एम साईज. सेलला अजून वीस मिनिटं होती.

नेरुळची_फिजिओ
मांडीचा घेर मोजलात का?

पामबीचकर
टीशर्टला एम लागतो.

ऐरोलीचा_दादूस
ताई म्हणते जिना उतरा, आमच्या सोसायटीत जिन्यात पाय ठेवायला जागा कुठंय? चपलांचे रॅक, पोरांच्या सायकली, गणपतीचं मखर, सगळं जिन्यात. आग लागली तर पळायचं कुठून? सेक्रेटरीला पत्र दिलं तर त्याच्याच दाराबाहेर तुळशीच्या आठ कुंड्या.

सह्यरांगडा
जिना कशाला? येऊरला या, मामा-भांजेचा चढ-उतार करा. जंगल, सावली, पक्षी. तुमच्या पाम बीचवर सपाट डांबर आणि उन्हाचा भडका.

भटकभवानी
ठाणेकरांना येऊर सोडून दुसरं काही माहीत नाही. खारघरच्या टेकडीवर फणसवाडीपर्यंत चांगला रस्त्याचा चढ आहे, पहाटे निम्मं खारघर तिथेच असतं. बेलापूरला पारसिक हिल आहे. दमदार उतार हवा तर कर्नाळा: अभयारण्याचं तिकीट काढायचं, सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जायचं, परत यायचं. कळसूबाईची १६४६ मीटरची बढाई हवी कशाला?

काठीबहाद्दर
उतारासाठी पोल घेतलेच तर लांबी तरी नीट लावा. सपाटीवर कोपर काटकोनात, उतारावर त्याहून पाच-दहा सेंटीमीटर जास्त. पोलच्या मुठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा. आणि आपल्या काळ्या कातळावर टोकाची रबरी टोपी काढू नका, उघडं टोक सटकतं. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी होतात. विमानात पोल चेक-इनच्या सामानात टाका.

सह्यरांगडा
मान्य, जीपच्या रस्त्यावर काठी चालेल. पण एकच.

काठीबहाद्दर
एक घेतली की अंग एका बाजूला कलतं. दोनच.

सह्यरांगडा
महाराजांचे मावळे कलंडले होते का?

भटकभवानी
महाराजांना मध्ये आणू नका, संपादक धागा बंद करतील. पामबीचकर, जाण्याआधी तीन आठवड्यांच्या आसपासचा रविवार धरा, आम्ही पाच-सहा जण कर्नाळ्याला जातोय. सकाळी लवकर, पाणी भरपूर. काठीवाले आणि बिनकाठीवाले दोघेही या, तिथेच काय ते ठरवा.

सह्यरांगडा
ठाण्याहून पहिल्या पनवेल लोकलने येतो. डबा कोण आणतंय?

निवृत्त_वाशी
चांगली माहिती. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सौ.चा डावा गुडघा झिजलाय, वय ६८, आणि पालीला अष्टविनायकाला जायचंय, तिथून तिला लेण्याद्रीही करायचाय. लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. तिलाही नी कॅप मागवू का? एम साईज?

नेरुळची_फिजिओ
काका, वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते. तोवर एवढं करा: पायऱ्या चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. काठी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. आणि साईज टीशर्टवरून ठरवू नका.