मदत हवी आहे: चित्रांची पाटी खेळात कशी आणावी?

प्रश्न (विशेष शिक्षिका, परभणी जिल्हा):
मुलगा साडेचार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही). ऐकू नीट येतं, सांगितलेलं कळतं. तोंडातून 'आ', 'म्म' एवढंच. बोलण्याऐवजी चित्र दाखवून सांगता यावं म्हणून पाणी, भाकर, शू, आई अशी चित्रांची कार्डं केलीत. समोर धरली की तोंड फिरवतो, नाहीतर कोपरे चावतो. चित्रांची सवय लागली तर पोरगं बोलणारच नाही, अशी घरच्यांना भीती. टॅबलेट नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
ताई, पाणी न् शू त्याच्या आईला चेहऱ्यावरूनच कळते, मग त्या कार्डाला काम काय उरलं? खेळ चालवणारे शब्द घ्या: 'जा', 'थांब', 'पुन्हा', 'नको'. पाटी म्हणजे ए-फोर पुठ्ठ्यावर चारच चित्रं, प्रत्येक साधारण ७ सेंमी. जागा कधीच बदलायच्या नाहीत, हाताला त्या पाठ व्हायच्या असतात. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत असलं तर उजेडात चित्र दिसत नाही. कोपरे गोल कापा.

पाट तिरपा लावून वरून खेळण्यातला ट्रॅक्टर सोडा. ट्रॉलीत चिंचोके, दाणे भरू नका, तो तोंडात घालतो. कापडाचे मोठे गुंडाळे चालतील. ट्रॅक्टर सोडताना 'जा' म्हणत तुम्हीच चित्रावर बोट ठेवा. खाली पोचला की 'पुन्हा'. पहिले काही दिवस त्याच्याकडून काहीही मागायचं नाही, त्याने नुसतं बघावं. मग एकदा ट्रॅक्टर वरच धरून ठेवा, त्याच्याकडे बघा आणि मनात दहा अंक मोजा. त्याचा हात उचलायलाच वेळ लागतो. आपण मधेच बोललो की त्याची हालचाल मोडते. नजर गेली, बोट हललं, तरी उत्तर धरा आणि ट्रॅक्टर लगेच सोडा. 'हे काय? दाखव बरं' नको, ती परीक्षा होते. हात धरून चित्रावर दाबणंही नको.

उत्तर २:
आधी बैठक बघा. पाठ आणि तळवे टेकलेले नसतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. पाटी मांडीवर सपाट नको, समोर तिरपी उभी करा. हात पोचतच नसेल तर दोनच चित्रं लांब लांब लावून नजर कुठे थांबते ते बघा.

घरच्यांना स्पष्ट सांगा: चित्रांमुळे बोलणं अडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, काही मुलांचे शब्द वाढलेलेही दिसतात. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात) वाचा-उपचारतज्ज्ञ असतील तर त्यांच्या तोंडून हे ऐकवा, घरच्यांना पटायला सोपं जाईल. पुढे घरच्या स्मार्टफोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं मोफत ॲप बघता येईल. पण आत्ता पुठ्ठाच बरा, फोन हातात आला की व्हिडिओ मागेल.

प्रश्नकर्ती:
'नको'वर चुकून हात पडला तर?

उत्तर १:
तरी थांबायचं. 'नको? बरं' म्हणून ट्रॅक्टर बाजूला ठेवा, पाटी मात्र समोरच राहू द्या. थोड्या वेळाने तुम्हीच 'पुन्हा'वर बोट ठेवून खेळ सुरू करा. 'नको' ऐकलं जातं हे कळल्याशिवाय तो बाकीच्या चित्रांकडे वळणार नाही.