आठवीच्या मुलाला रोबोटिक्सचा क्लास लावू का? की घरीच काही शिकवता येईल?

इंदिरानगरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे, घरातलं काहीही हाताला लागलं की उघडून बसतो, मिक्सर दोनदा दुरुस्तीला टाकावा लागला. इथे नाशिकला गंगापूर रोडच्या एका क्लासची चौकशी केली तर सहा महिन्यांचे अठ्ठावीस हजार, किट वेगळं. म्हणे आत्तापासून इंजिनिअरिंगचा पाया पक्का होतो. सासरे ओझरला एचएएलमधून, म्हणजे विमानाच्या कारखान्यातून, रिटायर झालेत, ते म्हणतात त्या पैशात पोराला एक पक्कड, एक कानस आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन दे आणि उरलेले बँकेत ठेव. मी कॉमर्सवाली, मला यातलं काही कळत नाही. खरंच शाळेत असताना इंजिनिअरिंग शिकवता येतं का, की नुसतं फॅड आहे?

अंबडचा_टर्नर
ताई सासऱ्यांचं ऐका 😄 माझं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायची मशिनं. दरवर्षी नवीन डिग्रीवाली पोरं येतात, ड्रॉइंग वाचतात बरोब्बर, पण २५ मिमीचा जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, हातात दिला आणि मोज म्हटलं की तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे, कारण व्हर्नियर तिरका धरलाय हेच कळत नाही. चूक त्यांची नाही हो, आयुष्यात कधी हातानं काही मापात बनवलंच नाही. आमच्या वेळी शाळेत आठवीपासून टेक्निकल विषय घेता यायचा, मी घेतला होता, लोखंडाचा तुकडा कानशीनं चौरस करायला लावायचे, गुण्यात (काटकोन तपासायचं हत्यार) बसला नाही की परत घास. तेव्हा सरांना शिव्या घातल्या, आज त्याच्यावरच पोट चालतंय.

थर्ड_इयर_निफाड
काका एक बाजू बरोबर पण किटला एवढं नावं ठेवू नका. मी अर्डुइनोवरच शिकलो, म्हणजे कोड टाकून मोटर, दिवे चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड, एकटा घेतला तर स्वस्त मिळतो आणि टिंकरकॅड नावाच्या वेबसाइटवर तर सर्किट फुकट जोडून बघता येतं, ब्राउझरमध्ये, काही जळत नाही. प्रॉब्लेम क्लासमध्ये हा असतो की सगळं आधीच ठरलेलं, ही लाल वायर इथे लाव, हा कोड पेस्ट कर, गाडी पळाली, टाळ्या. एलईडीला रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग) का लावला विचारलं की पोरं गप्प. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी घेते साधारण २ व्होल्ट, उरले ७, करंट हवा २० मिलीअँपिअर, भागाकार केला की ३५० ओहम, बाजारात ३९० मिळतो तो लावा. एवढं गणित सातवीच्या पोराला जमतं. आणि एखादा एलईडी रेझिस्टर न लावता मुद्दाम जाळू द्या, त्याशिवाय लक्षात राहत नाही.

अजून एक. आमची द्राक्षबाग आहे, ड्रिपमधून खत सोडायला व्हेंचुरी नावाची नळी असते. मी सहावीत वडिलांना विचारलं पंप नाही तर खत ओढतं कोण, ते म्हणाले मधला गळा अरुंद आहे म्हणून. पाणी तिथं जोरात जातं, दाब कमी पडतो, मग बादलीतलं खत आत खेचलं जातं. पुढे कॉलेजात तेच बर्नोलीचा नियम म्हणून भेटलं तेव्हा वर्गात मी एकटा हसत होतो.

फळा_आणि_खडू
मी शिकवतो (कुठे ते राहू द्या). पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल वाचा, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलं. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, स्वयंपाक सगळं हातानं करायला लावतात, आणि गावातली खरी कामं करतात. नाटकातलं मॉडेल नाही. शिवाय मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आहे का विचारा. केंद्राची योजना आहे, २०१६ पासून, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. मी एका शाळेत गेलो होतो तर थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर तसंच, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून पालकांनी विचारलं पाहिजे.

आणि टर्नरसाहेब, वर्कशॉप शनिवारी दोन तास चार पोरांसाठी उघडणार का? बोलणं सोपं आहे.

अंबडचा_टर्नर
सर पकडलंत 😅 लेथला पोरांना हात लावू देणार नाही, सैल बाही चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या भागात, अडकली तर हात जातो. पण बेंच व्हाइस (तुकडा पकडायचा शिकंजा), हेक्सा (लोखंड कापायची करवत), कानस, मोजमाप एवढं नक्की. गॉगल घालून, चप्पल चालणार नाही. ताई, तोवर त्याला सायकलवर बसवा. पुढच्या चकतीचे दात मोजायचे, मागच्या फ्रीव्हीलचे मोजायचे, भागायचं, चाकाचा घेर काढून त्यानं गुणायचं आणि एका पॅडलच्या फेऱ्यात सायकल किती जाईल ते आधी कागदावर लिहायचं. मग रस्त्यावर खडूची खूण करून बघायचं.

इंदिरानगरची_आई
सगळ्यांना धन्यवाद, क्लासला तूर्तास नाही म्हणाले. रविवारी आजोबा-नातू सोसायटीच्या रस्त्यावर खडू घेऊन, वॉचमनसुद्धा टेप धरायला. पुढे ४४ दात, मागे १८, चाक २६ इंची, कागदावर आलं ५ मीटर ७ सेंटीमीटर. टेपवर भरलं ४ मीटर ९८. चार वेळा मोजलं तरी तेच. पोरगं जेवायला येईना, नऊ सेंटीमीटर गेले कुठे म्हणून. आजोबांना माहितीये पण सांगत नाहीत, फक्त म्हणाले वजन ठेवल्यावर टायर बघ कसा दिसतो. आत्ता हवा भरायला गेलेत दोघं. टर्नरदादा, शनिवारी किती वाजता येऊ?