ग्लो इंजिनची बोट: क्लिप काढली की बंद, पाण्यात फुल रेस दिली की पण बंद

शहापूरचा_नावाडी
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एकाकडून जुनी आरसी (रिमोटवरची) बोट घेतलीय, लाकडी हल म्हणजे सांगाडा, आत .२१ म्हणजे साडेतीन सीसीचं मरीन ग्लो इंजिन (मेथनॉलवर चालणारं, प्लगची तार तापवून पेटणारं), पाण्याचं जॅकेट असलेलं हेड, मागं धूर सोडणारा ट्यून पाइप. तिकडं वास्कोला त्यानं माझ्यासमोर चालवून दाखवली तेव्हा झकास पळत होती, चोर्ला घाट चढून बेळगावात आणली आणि नाटकं सुरू. फ्लायव्हीलला पट्टा लावला की स्टार्ट होतं, प्लगवर इग्नायटरची (तार तापवणाऱ्या बॅटरीची) क्लिप असेपर्यंत आयडलला चालतं, क्लिप काढली की आवाज पडतो, धूर लई, पचपच करून बंद. थोडी रेस धरून क्लिप काढली तर टिकतं. मग येळ्ळूरकडं मामांच्या शेततळ्यात सोडली की फुल रेसला मस्त सुटते आणि थोड्या वेळात आवाज एकदम वर चढतो आणि खट्‌ करून बंद, ते पण बरोबर मधोमध. मग गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून फेकायचा आणि ओढून आणायची, काठावरची पोरं हसूलालीत. मेन नीडल (फुल रेसचं इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) आत-बाहेर करून वैताग आलाय. गल्लीतला टू-व्हीलरचा मेकॅनिक म्हणूलाय तेल कमी पडतंय, थोडं टू-टी ऑइल घाल. घालू काय? इंधन त्या गोव्याच्या माणसानंच दिलेलं आहे, अर्धा कॅन, पावसाळ्याच्या आधीचं.

उद्यमबाग_टर्नर
टू-टी अजिबात घालू नको मर्दा. ते पेट्रोलसाठी असतंय, मेथनॉलमध्ये खनिज तेल विरघळत नाही, कॅन हलवलास तरी थोड्या वेळात वेगळं होणार आणि इंजिन कोरडं फिरणार. ग्लोच्या इंधनात एरंडेल नाहीतर त्यासाठीचं सिंथेटिक तेल आधीच असतंय, १८-२० टक्क्यांच्या आसपास.

आता तुझं दुखणं. हे एक नाही, दोन आहेत, आणि एकमेकांच्या उलटे आहेत, म्हणून मेन नीडल फिरवून फिरवून काही होईना. क्लिप काढल्यावर धूर येऊन पचपच करत बंद पडतं ते रिच, म्हणजे इंधन जास्त. बॅटरी फक्त स्टार्ट करायपुरती लागते. पुढं प्लगमधली प्लॅटिनमची तार मेथनॉलच्या वाफेशी क्रिया होऊन आणि आतल्या स्फोटाच्या उष्णतेनं आपली आपण लाल राहते. ओलं इंधन जास्त आलं की ती तार गार पडते आणि खेळ खल्लास. रेस धरल्यावर टिकतं कारण तेव्हा उष्णता पुरते.

आणि पाण्यात आवाज चढून खट्‌ करून बंद पडतं ते लीन, म्हणजे इंधन कमी. इंधन येता येता मधेच तुटलं. गरम होऊन बंद पडत असतं तर आवाज चढला नसता, हळूहळू दबत, रडत बंद पडलं असतं. हा आवाजातला फरक नीट ऐक, निम्मं निदान तिथंच होतंय.

घाटाची गोष्ट पण आहे. वास्को समुद्राला लागून, बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर. इथली हवा तिथल्यापेक्षा सहा-सात टक्के पातळ, म्हणजे तिथल्या सेटिंगवर इथं रिचच चालायला पाहिजे. आयडलला तसंच होतंय, बरोबर आहे. पण मग फुल रेसला लीन का? कारण इंधन कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे नीडल सोड आणि टाकी, नळ्या बघ. एक सांग, टाकी काठोकाठ भरून सोडलीस आणि बंद पडली तेव्हा आत किती इंधन उरलं होतं?

खानापूर_एक्सप्रेस
एवढं पुराण कशाला? जुना प्लग आहे, काढ, फेक, नवा लाव. माझ्या आरसी गाडीच्या इंजिनला असंच होत होतं, प्लग बदलला, विषय संपला.

उद्यमबाग_टर्नर
गाडीचं वेगळं गा. प्लग बदलायला माझी ना नाही, आयडलला फरक पडेल. पण प्लग गेला म्हणून थोडा वेळ फुल रेसला पळून आवाज चढून बंद पडणार नाही.

निपाणीचा_जुना_गडी
पोरांनो भांडू नका, दोघांचं पण बरोबर आहे. प्लग फेकायच्या आधी काढून क्लिप लावून बघ. तार तळापर्यंत भगभगीत नारिंगी पेटली पाहिजे. अर्धीच पेटली, वेडीवाकडी झाली असेल नाहीतर चकाकी जाऊन खरखरीत पांढरट दिसत असेल तर मग खुशाल फेक. इग्नायटर दीड व्होल्टचा, सेल चार्ज आहे बघ, आणि बाराच्या बॅटरीला जोडायची अक्कल कुणी शिकवली तर ऐकू नको, तार क्षणात तुटते.

त्या इंधनावर माझा भरवसा नाही. मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय, आणि आपल्याकडचा पावसाळा सांगायला नको. अर्धा भरलेला कॅन दोन-चारदा उघडला असणार. पाणी मिसळलेल्या इंधनावर आयडल कधीच एकसारखं लागत नाही आणि बेअरिंगला गंज येतो ते वेगळंच. सीलबंद ताजं आण. नायट्रोचं (इंधनात मिसळलेल्या नायट्रोमिथेनचं) प्रमाण तेच ठेव, बिननायट्रोचं घेतलंस तर प्लग गरम जातीचा लागेल.

आणि हे हसण्यावारी नेऊ नको: मेथनॉल विष आहे. नळी तोंडानं ओढायची नाही, मोठी सिरिंज घे. त्याची ज्वाला दिवसा उन्हात दिसत नाही, सांडलं तर आधी पूस आणि मगच क्लिप लाव. शेततळ्यात चालवतोस ते चांगलं करतोस, राकसकोपला वगैरे नेऊ नको, ते अख्ख्या गावाचं प्यायचं पाणी आहे आणि पाइपातून तेल बाहेर पडतंच.

शहापूरचा_नावाडी
टर्नर दादा, आत्ता मुद्दाम भरून चालवून बघितली. बंद पडली तेव्हा टाकी निम्मी होती! परत काठोकाठ भरली की परत तेवढाच वेळ चालते. नळीत बारीक बुडबुडे पण दिसूलालेत, आधी इंधनाचा रंग म्हणून सोडून दिलं होतं.

उद्यमबाग_टर्नर
मग सापडलं म्हणून समज. टाकीच्या आत वजन लावलेली मऊ नळी असते ना, ती चिरलेली असणार. इंधन चिरेच्या वर आहे तोपर्यंत इंधन येतंय, पातळी चिरेच्या खाली गेली की हवा ओढतंय. टाकी काढ, आतली बाहेरची सगळी सिलिकॉन नळी नवी घाल, पेट्रोलची नळी नको. मग एक सोडून बाकीची तोंडं बोटानं दाबून टाकी पाण्याच्या बादलीत बुडव आणि उरलेल्या तोंडातनं सिरिंजनं हवा मार, बुडबुडा कुठनं येतोय ते कळेल. टाकीची मधली रेषा नीडलच्या उंचीला पाहिजे, आणि टाकी बोटीच्या हलला थेट टेकवू नको, खाली स्पंज घाल, नाहीतर थरथरून इंधनाचा फेस होतोय. ट्यून पाइपवरनं टाकीला प्रेशर देणारं निपल पण तार घालून साफ कर, एरंडेल जळून तिथं लाखेसारखं बसतंय. कार्बोरेटरच्या बुडाची ओ-रिंग कडक झाली असेल तर इकडं उद्यमबागेत कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडं त्या मापाची मिळेल.

हे सगळं झाल्यावरच आयडलचं वेगळं नीडल असतंय ते. एका वेळी पाव फेऱ्याच्या निम्मं आत, जास्त नाही. मग आयडलला कार्बोरेटरजवळ नळी चिमटीत दाब. स्पीड थोडा चढून दोन-तीन सेकंदांनी बंद पडलं तर बरोबर. बराच वेळ चढत राहिलं तर अजून रिच, दाबल्या दाबल्या गेलं तर लीन.

शहापूरचा_नावाडी
नळी वजनाच्या वरच चिरली होती, बोटानं वाकवल्यावर तोंड उघडलं. आज नवी घातली, टाकी तळापर्यंत संपेस्तोवर पळाली, टेनिस बॉल पिशवीतच राहिला. आयडल अजून तसंच आहे, क्लिप काढली की मरतं. नवा प्लग आणि इंधन मागवलंय. तोवर जुन्यावरच नीडल लावून ठेवू काय?

निपाणीचा_जुना_गडी
नको. पाणी ओढलेल्या इंधनावर लावलेलं सेटिंग नव्यावर परत बदलणार, फुकटची मेहनत. आणि आज चालवलीस ना, मग टाकी रिकामी कर, नळीतलं उरलेलं जळून जाऊ दे, प्लगच्या भोकातनं आणि कार्बोरेटरमधनं आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर गंज धरू नये म्हणून घालायच्या तेलाचे) चार थेंब सोडून फ्लायव्हील हातानं फिरव. हे रात्रीच कर.

खानापूर_एक्सप्रेस
प्लग मागवला ना शेवटी 😄