अहवालात तुरुंगातला माणूस कुठे असतो?

वर एकांनी लिहिलंय की तुरुंगात नीट वागला की कैद्याला रजा मिळतेच. इतकं सरळ नाही हो. कैद्यांच्या रजेच्या १९५९ च्या नियमांत फर्लो म्हणजे संचित रजा (ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी) आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा (घरच्या अडचणीसाठी मिळणारी), दोन्ही वेगळ्या. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाही. पण अर्ज हर्सूलच्या तुरुंगातून निघाला तरी पोलीस अहवाल गावाकडूनच मागवतात. जमादार येतो, पोलीस पाटलाला, सरपंचाला विचारतो, फिर्यादीच्या घरी जातो. कोणी म्हणालं 'तो आला की राडा होईल', की 'शांतता भंग होण्याची शक्यता' ही ठरलेली ओळ पडते. दहा वर्षांपूर्वीचा माणूसच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो. पैठणच्या खुल्या कारागृहात ज्याला शासनच शेतकामाला सोडतं, त्याच्याही अर्जावर असा शेरा येऊ शकतो.

फिर्यादीची भीती खोटी नसते, ती नोंदवलीच पाहिजे. पण रजेसाठी हमी देणारा जामीनदार लागतो, त्याचं काय? दिवाळीनंतर आमच्या बीडकडे जा, अर्ध्या वस्तीला कुलूप, माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर, मग गरिबाची हमी देणार कोण? बागायतदाराच्या पोराला मात्र हमी द्यायला चार जण तयार. (त्यातले दोन पुढारी!) मग आपण नेमकं कुणाचं वर्तन तपासतोय?