स्कॉटलंडमध्ये दोन-तीन दिवस : एकाच शहरात राहून काय काय पाहिलंत? (अनुभव धागा)

लंडनला किंवा मँचेस्टरला लेकीकडे आलेली मंडळी हमखास विचारतात, "स्कॉटलंडला दोन-तीन दिवस जाऊन यायचंय, काय बघू?" मग कुणीतरी वेळापत्रक आखून देतं आणि त्यात एक अख्खा दिवस लॉक नेस सरोवराच्या बसला दिलेला असतो. सकाळी आठला एडिंबरा सोडायचं, रात्री आठला परत, आणि मधले बहुतेक तास बसच्या खिडकीत. हायलँड्स, म्हणजे उत्तरेकडचे डोंगराळ भाग, सुंदरच आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळी रजा काढावी असं माझं ठाम मत आहे. हाताशी दोनच दिवस असतील तर ते एका शहराला द्यावेत. एडिंबरा आणि ग्लासगो ही दोन्ही पायी फिरायची शहरं आहेत आणि दोन्हीकडची मोठी संग्रहालयं फुकट आहेत.

तुम्ही गेला असाल तर लिहा. कुणाबरोबर गेलात, कोणत्या ऋतूत, कुठे वेळ चांगला गेला. नुसती ठिकाणांची यादी नको, ती कुठेही मिळते.

सुरुवात माझ्यापासून. मला एडिंबरात सगळ्यात जास्त आवडते ती वॉटर ऑफ लीथ नदीकाठची पायवाट. नदी म्हणायची एवढंच, पात्र ओढ्याएवढं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की एकदम खाली दरीत उतरतो आणि डीन व्हिलेज लागतं. इथे पूर्वी पिठाच्या गिरण्या होत्या. वरच्या रस्त्यावरची वाहनं ऐकूसुद्धा येत नाहीत. तिथून काठाकाठाने स्टॉकब्रिजपर्यंत जायचं, कॉफी घ्यायची आणि पुढे रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये शिरायचं. बागेला तिकीट नाही. अर्धा दिवस कसा जातो कळत नाही, आणि किल्ल्याजवळच्या गर्दीचा इथे मागमूसही नसतो.

—

आईबाबांना घेऊन गेलेला पुणेकर

दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखरे. एडिंबरा म्हणजे चढउतार, त्यामुळे मला धास्ती होती. पण एक युक्ती छान लागू पडली : चढ टॅक्सीने, उतार पायी. टॅक्सीने किल्ल्याच्या आवाराजवळ उतरलो. किल्ला बघून झाल्यावर रॉयल माइलने खाली होलिरूड राजवाड्याच्या दिशेने रमतगमत आलो. हा रस्ता सगळा उताराचाच आहे. फक्त दगडी फरसबंदी उंचसखल असल्याने बूट चांगले हवेत.

किल्ल्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, वेळ ठरवून मिळते. बाबा गडप्रेमी. प्रत्येक बुरुजाशी थांबून तोफेचा रोख कुठे आहे ते बघणार, पाणी कुठून आणत होते ते विचारणार. मॉन्स मेग ही पंधराव्या शतकातली अजस्र तोफ बघून तर ते तिथून हलेनात. आईला मात्र तटाखालचा एक इवलासा हिरवा तुकडा भावला. सैनिकांच्या पाळीव कुत्र्यांना पुरायची ती जागा, छोट्या छोट्या दगडांवर नावं कोरलेली. वरूनच बघायचं असतं, आणि ती बराच वेळ कठड्याला टेकून एकेक नाव वाचत उभी होती.

दुपारी एकची तोफ चुकवू नका. १८६१ पासून ही प्रथा आहे, रविवारी नसते. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू झाली. धुक्यात कॅल्टन हिल या टेकडीवरचा, एक वाजता खाली पडणारा वेळदर्शक गोळा दिसत नसे, म्हणून आवाज. तोफ उडाली की पर्यटक दचकतात, स्थानिक माणूस मनगटाकडे बघतो आणि चालू लागतो.

दुसरा दिवस चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियमला. लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत, तिकीट नाही. ज्येष्ठांना याहून सोयीची जागा नाही. डॉली मेंढी (१९९६ साली जन्मलेली, प्रौढ पेशीपासून क्लोन केलेला पहिला सस्तन प्राणी) पेंढा भरून काचेत ठेवली आहे. पण माझा जीव गुंतला तो लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांत. वॉलरसच्या दातातून कोरलेल्या. राणी गालाला हात लावून बसली आहे, डोळे मोठे, चेहऱ्यावर काळजी. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी बोटभर उंचीच्या तुकड्यात ती काळजी कोरली, आणि ती आज आपल्याला जशीच्या तशी समजते.

—

ग्लासगोत शिकलेली, आता ठाण्यात

सगळे एडिंबरा एडिंबरा करतात, म्हणून ग्लासगोची बाजू मांडते. एडिंबराच्या वेव्हर्लीहून ग्लासगो क्वीन स्ट्रीटला दिवसभर गाड्या असतात, साधारण पन्नास मिनिटं लागतात. सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळचं जादा भाडंही काढून टाकलंय. पण एका दिवसात जाऊन परत येण्यापेक्षा मुक्कामच ग्लासगोत करा. हॉटेलं बहुधा स्वस्त मिळतात आणि लोक बोलके आहेत. बसथांब्यावर उभं राहिलात तर शेजारची आजी हवेवरून सुरुवात करून तुमच्या घरच्यांपर्यंत पोचते.

भुयारी रेल्वे १८९६ ची. पंधरा स्टेशनं, एकच वर्तुळ, फाटे नाहीत. चुकून उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी फिरून तिथेच येता. हिलहेडला उतरा आणि विद्यापीठात जा.

मुंबईकरांसाठी ही जागा खास आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटची. त्यानेच मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा केला, तोही मुंबईत कधी पाऊल न टाकता. माझी पदवी फोर्टमधली. ग्लासगोत पहिल्यांदा त्या चौकांच्या मधल्या कमानींखालून चालले तेव्हा खांबांचे झुबके, टोकदार कमानी, उंच निमुळता मनोरा असं सगळं ओळखीचं वाटायला लागलं. फक्त दगड करडा, आणि समोर माडाची झाडं नाहीत. दोन्ही इमारती पाहिलेल्या माणसाने तिथे अर्धा तास तरी थांबावं.

तिथून उतारावर केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय. आत मधल्या दालनात मोठा ऑर्गन आहे आणि दुपारी तो वाजवतात, बहुतेक दिवशी एक वाजता. मी शिकत असताना डबा घेऊन जायचे आणि बाकावर बसून ऐकायचे. सुरांनी सगळी इमारत भरून जाते, वरच्या गॅलरीतली माणसं कठड्याला टेकून उभी राहतात, शाळेची पोरंसुद्धा गप्प होतात. अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम असतो, पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी हाय स्ट्रीटवरचं सेंट मंगोचं भित्तिचित्र बघा. आजच्या कपड्यातला एक दाढीवाला माणूस, टोपी घातलेली, बोटावर रॉबिन पक्षी. शहराच्या संतालाच साध्या माणसाच्या रूपात रंगवलंय. कॅथीड्रल तिथून जवळच आहे आणि त्यामागच्या टेकडीवर नेक्रोपोलिस, व्हिक्टोरियन काळातलं भव्य दफनस्थान. तिथून अख्खं शहर दिसतं.

—

दोन लहान मुलांची आई, बर्मिंगहॅम

ग्लासगोला माझं अनुमोदन. मुलं बरोबर असतील तर पोलॉक पार्क! ग्लासगो सेंट्रलहून पोलॉकशॉज वेस्टला लोकल जाते, तिथून पायी. बागेत लांब केसांच्या, डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँड गाई चरत असतात. म्हणजे ज्या गाईंसाठी लोक उत्तरेला जायचं म्हणतात त्या शहराच्या हद्दीतच बघायला मिळतात. माझा धाकटा कुंपणाशी बसून "हिला दिसतं कसं?" एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. पाऊस आला तर त्याच बागेत बरेल कलेक्शन हे कलासंग्रहालय आहे, तेही फुकट. मोठाल्या काचांमधून मागचं रान दिसतं.

केल्व्हिनग्रोव्हमध्ये मुलांना छताला टांगलेलं स्पिटफायर विमान आणि तरंगणारी पांढरी डोकी फार आवडली. हसणारं, रडणारं, चिडलेलं, प्रत्येक चेहऱ्यावर वेगळा भाव. आम्ही खाली उभं राहून तसे चेहरे करत बसलो.

—

मुंबईत समाजशास्त्र शिकवणारा

थोडा वेगळा सल्ला. एडिंबरात एक सकाळ पॅट्रिक गेडिस या समाजशास्त्रज्ञ-नगररचनाकाराच्या नावाने काढा. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो याच स्कॉटिश माणसाने. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. आमच्या विषयाची मुळं शोधत मी एडिंबराच्या बोळांत पोचलो.

रॉयल माइलला दोन्ही बाजूंनी अरुंद बोळ फुटतात, त्यांना तिथे क्लोज म्हणतात. १८८६ साली गेडिस आणि त्याची बायको ॲना लॉनमार्केटमधल्या जेम्स कोर्टात राहायला गेले. तेव्हा ती दाटीवाटीची, गलिच्छ वस्ती होती आणि ऐपतदार लोक केव्हाच न्यू टाउन या नव्या भागात निघून गेले होते. या जोडप्याने तिथेच राहून रंगसफेदी केली, शेजाऱ्यांना हाताशी धरलं, मोकळ्या तुकड्यांत बागा केल्या. सगळं पाडून रुंद रस्ते काढायला गेडिसचा विरोध होता. मोडकळीला आलेली एखाद-दोन घरं काढा, हवा-उजेड आत येऊ द्या, बाकीची वस्ती राहू द्या, असं त्याचं म्हणणं. हेच तो पुढे भारतातल्या नगरपालिकांना सांगत फिरला. आज आपल्याकडे पुनर्विकासाच्या नावाने अख्ख्या चाळी जमीनदोस्त होताना बघतो तेव्हा त्याचं ऐकायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

काय बघाल? किल्ल्याच्या दारातच पांढऱ्या-लाल रंगाची रॅम्से गार्डनची घरं आहेत, ती त्याने उभी केली. शेजारचा मनोरा म्हणजे त्याचा आउटलुक टॉवर. आता तिथे कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाने तिकीट लावून करमणुकीचे खेळ असतात, पण वरच्या अंधाऱ्या खोलीतला मूळ प्रयोग अजून दाखवतात. मधोमध गोल पांढरं टेबल, त्यावर आरशा-भिंगांतून बाहेरचं जिवंत शहर उतरतं. रस्त्यावर चालणारा माणूस कागदाच्या चिठोऱ्यावर अलगद उचलून घेता येतो. आधी शहर नीट बघा, मग त्याला हात लावा, हा गेडिसचा आग्रह त्या टेबलाशी उभं राहिलं की लगेच पटतो. तिथून खाली कॅननगेटमध्ये डनबार्स क्लोजमधली बाग गाठा. बोळातून आत शिरलं की एकदम कापलेली हिरवी कुंपणं आणि शांतता. ही बाग अलीकडची, १९७० च्या दशकातली, पण त्याच विचारातून आलेली.

—

हिवाळ्यात गेलेल्या दोघी, लीड्स

जानेवारीत जाऊ नका असं सगळे म्हणाले. आम्ही मुद्दाम गेलो आणि पुन्हा जाऊ. एडिंबरात ऑगस्टात कलामहोत्सवामुळे जी खोली परवडत नाही ती तेव्हा परवडते. उजाडतं पावणेनऊच्या सुमाराला, चारच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे दिवस उलटा लावायचा : सकाळी उजेडात चालणं, अंधारलं की संग्रहालय. साडेतीनला कॅल्टन हिल चढलो, दहा मिनिटांचाच चढ. वर १८२६ मध्ये बांधायला घेतलेलं आणि पैसे संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं ग्रीक पद्धतीचं स्मारक आहे. एकीकडे समुद्र, एकीकडे आर्थर्स सीटची टेकडी, समोर किल्ला, आणि खाली प्रिन्सेस स्ट्रीटचे दिवे एकामागून एक लागत गेले. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीवालं जॅकेट घ्या.

रेल्वेने उत्तरेला जाताना उजवीकडची खिडकी धरा. बेरिकच्या आसपास समुद्र अगदी कड्याखाली दिसतो.

—

शाकाहारी, नाशिक

शाकाहारी लोकांचं काय, हा प्रश्न येणारच. पोटभर मिळतं. हॅगिस हा इथला पारंपरिक मांसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही जवळपास सगळीकडे असतं : डाळी, ओट, बिया, मिरपूड, सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगमासारखा कंद. दाणेदार, मसालेदार, गरम. थंडीत फार बरं वाटतं. टॅब्लेट नावाची साखर-लोण्याची वडीही खाऊन बघा, आपल्या दुधाच्या वडीची बहीण शोभेल. सूप मागवताना मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारा.

—

रेल्वेवेडा, डोंबिवली

एडिंबरात तिसरा दिवस असेल तर डंडीची गाडी पकडा, सव्वा-दीड तास. आधी १८९० चा लाल फोर्थ ब्रिज लागतो, आणि शेजारी १९६४ आणि २०१७ चे रस्त्यांचे पूल. तीन शतकांतले तीन पूल एका खिडकीत. पुढे टे नदीचा पूल. तिथे पाण्यात नीट बघा, १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळलेल्या जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे अजून ओळीने उभे आहेत. डंडी स्टेशनसमोरच व्ही अँड ए हे डिझाइनचं संग्रहालय आणि डिस्कव्हरी हे अंटार्क्टिकला गेलेलं जहाज, दोन्ही पाच मिनिटांच्या अंतरात. तागाचा इतिहास पाहायचा तर व्हर्डंट वर्क्स या जुन्या तागगिरणीतल्या संग्रहालयात जा. तिथला ताग बंगालमधून यायचा.

फोर्थ ब्रिज खालून बघायचा असेल तर डॅलमेनीला उतरून साउथ क्वीन्सफेरीला चालत जा. माझा तिथून पाय निघत नव्हता.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गेडिसबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, पुढच्या खेपेला डनबार्स क्लोज नक्की. विचारणा आलीय म्हणून व्यवहाराचं थोडं : एडिंबरा विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते, तिकीट चढण्याआधी फलाटावरच काढायचं. शहरातल्या बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. आणि २४ जुलै २०२६ पासून एडिंबरातल्या मुक्कामावर पाच टक्के पर्यटक कर आहे, तो खोलीच्या भाड्यात धरलाय की नाही ते बुक करतानाच बघून घ्या. ॲबर्डीन आणि स्टर्लिंगला राहिलेलं कुणी असेल तर लिहा, तिकडचं अजून काहीच आलेलं नाही.